आई म्हणते "दुखंना खुपंना, मग मशीनीत कशाला घालायचं" – मॅमोग्राफी करावी का?

ताकपिठलं

नमस्कार. जरा लांबण लागणारे, वाचा प्लीज.

मी ३३, पुण्यात हडपसरला राहते. नवऱ्याच्या कंपनीतून दरवर्षी फुल बॉडी चेकअप मिळतं आणि यंदा त्यात घरातल्या एका मोठ्या माणसाचं फुकट आहे. सासूबाई स्वतःच म्हणाल्या की माझं गेल्या वर्षी झालंय, तुझ्या आईला ने. आई ५६ ची, भूम तालुक्यात आमच्या गावी असते, थोडी शेती आणि दोन म्हशी, बाळंतपणं सोडली तर आयुष्यात दवाखान्यात झोपलेली नाही. पॅकेजमध्ये मॅमोग्राफी आहे, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरसाठी काढतात तो स्तनाचा एक्स-रे. बाकी सगळ्याला ती तयार आहे, रक्त काढा, लघवी घ्या, छातीचा फोटो काढा, काहीही. पण मॅमोग्राफी म्हटलं की विषय म्हशीवर नेते. फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, "दुखंना खुपंना, मग मशीनीत कशाला घालायचं? नसती ब्याद उकरून काढायची हौस आलीय का तुला."

यामागे एक गोष्ट आहे ती पण सांगते. आमच्या शेजारच्या काकूंना स्तनात गाठ होती, घरच्यांनी दवाखान्यात नेलं, तिथे सुई घालून तपासणी केली आणि सात-आठ महिन्यांत काकू गेल्या. गावात सगळे म्हणतात की सुई लावली आणि गाठ चेतली. आईच्या डोक्यात ते पक्कं बसलंय आणि खरं सांगायचं तर मला पण नीट उत्तर देता येत नाही.

तर प्रश्न असे की, काहीच त्रास नसताना या वयात करायला हवी का? फार दुखतं का, त्या किरणांचं काय? पॅकेजमध्ये अजून पैसे भरले तर "कॅन्सर मार्कर" म्हणून रक्ताची तपासणी आहे, त्यात सीए १५-३ लिहिलंय, आई रक्त द्यायला तयार आहे तर तेवढंच करून मॅमोग्राफी सोडली तर चालेल का? आणि मी स्वतः ३३ ची, मी पण करून घेऊ का हात धुऊन?

---

डार्करूमवाली

मी नाशिकला एका सेंटरमध्ये मॅमो टेक्निशियन आहे, अकरा वर्षं हेच करतेय, म्हणून लिहिते.

आधी मार्करचं. नको. ते पैसे आईला साडीला द्या. सीए १५-३ ही ज्यांना कॅन्सर झालाय, उपचार चालू आहेत किंवा झालेत, अशांच्या पाठपुराव्यात वापरायची तपासणी आहे. सुरुवातीच्या आजारात ती बऱ्याचदा नॉर्मलच येते आणि कधीकधी लिव्हरच्या भलत्याच कारणाने वाढते. नॉर्मल आली की आई पण निर्धास्त आणि तुम्ही पण, वाईट ते हेच. तसंच ते उष्णतेचे रंगीत फोटो काढून सांगणारं थर्मोग्राफी असतं, हात न लावता तपासणी म्हणून जाहिरात करतात, ते पण मॅमोग्राफीच्या जागी धरायचं नाही.

आता मशीन. आमच्याकडे येणाऱ्या बायका त्याला पापडाचं मशीन म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. उभ्यानेच करायचं. खाली एक प्लेट, वरून दुसरी प्लेट येते आणि मध्ये स्तन दाबला जातो, एकदा वरून खाली, एकदा तिरका, दोन्ही बाजू मिळून चार फोटो. प्रत्येक दाब पाच-दहा सेकंदांचा. दुखतं का तर हो, काही जणींना कळवळायला होतं, काही जणी "एवढंच?" म्हणतात. दाबायचं कारण असं की थर पसरला की एकाखाली एक लपलेलं दिसतं आणि किरण पण कमी लागतात. किरणांचं म्हणाल तर चारही फोटो मिळून जेवढं होतं तेवढं आपल्या सगळ्यांना जमिनीतून, आकाशातून साधारण सात आठवड्यांत तसंही मिळतच असतं.

खोलीत मी एकटीच असते, पुरुष कोणी नाही, हे आईला आधी सांगा, निम्मी भीती तिथेच जाते. मंगळसूत्र काढा असं मी कोणाला म्हणत नाही, पाठीवर टाकायला सांगते. पावडर, डिओ काही लावून येऊ नका. पावडरचा कण फोटोत पांढरा ठिपका दिसतो आणि आम्ही ज्या ठिपक्यांच्या शोधात असतो ते पण असेच दिसतात, काळ्या कापडावर चिमूटभर मीठ सांडल्यासारखे. हे ठिपके हाताला कधीच लागत नाहीत, डॉक्टरच्या पण नाही. "दुखंना खुपंना" अशा वेळी मशीनीत घालायचं ते यासाठी. सुरुवातीला स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाहीच. उलट दुखतंय म्हणून घाबरून आलेल्या कितीतरी जणींचं काहीच निघत नाही, पाळीच्या आधीचं असतं.

रिपोर्टवर बायरॅड्स म्हणून ० ते ६ मधला एक आकडा असतो. १ आणि २ म्हणजे घरी जा. ३ म्हणजे बहुतेक साधंच आहे पण सहा महिन्यांनी परत दाखवा. ४ आणि ५ आला तर बायोप्सी, म्हणजे सुईने छोटा तुकडा काढून तपासणी, त्यात सुद्धा ४ चा पट्टा एवढा मोठा आहे की शंभरात दोन पासून शंभरात पंच्याण्णव पर्यंत काहीही शक्यता असू शकते, म्हणून आकडा बघून लगेच रडू नका. आणि ० आला तर लोक सगळ्यात जास्त घाबरतात, त्याचा अर्थ एवढाच की पेपर अर्धा राहिलाय, अजून एखादा फोटो किंवा सोनोग्राफी हवी.

तुमचं, ३३ ला काही तक्रार नसेल आणि आई, बहीण, मावशी कोणाला कमी वयात झाला नसेल तर मॅमोग्राफी आत्ता नको. या वयात स्तन घट्ट असतो, फोटोत सगळंच पांढरं दिसतं, धुक्यात ससा शोधल्यासारखं. काही जाणवलं तर सोनोग्राफी. अमेरिकेत २०२४ पासून ४० ते ७४ दर दोन वर्षांनी असं सांगतात. चाळिशी आली की तुमच्या डॉक्टरशी बोला.

---

रंकाळा_सांजवेळ

ताकपिठलं, तुझ्या आईला माझं हे वाचून दाखव. मी कोल्हापूरची, आता ५३, सहा वर्षांपूर्वी मला झाला.

अंघोळ करताना साबणाचा हात फिरला आणि काखेच्या बाजूला लागलं, भिजवलेल्या हरभऱ्याएवढं, टणक. दाबलं तर दुखंना. दुखलं असतं तर त्याच दिवशी गेले असते गं. दुखत नाही म्हणून मनाची समजूत घातली आणि मग आमचं सुरू झालं. पोरीची बारावी होती, म्हणलं परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली तर सीईटी. मग पाऊस. मग गौरी-गणपती, सासरी आमच्या पाच दिवस पंगती असतात, त्यात कोण दवाखान्यात जातंय. मग नवरात्र, दिवाळी. एक बरं केलं की मध्ये एकदा जवळच्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले दुधाची गाठ असेल, जाईल. माझा धाकटा तेव्हा सोळाचा! सोळा वर्षं झाली तरी दुधाची गाठ? पण मला तेच ऐकायचं होतं म्हणून मी मान हलवली आणि औषध घेऊन घरी आले. चूक त्यांची पण आणि माझी पण.

सात महिन्यांनी हरभऱ्याचा सुपारीएवढा झाला आणि आरशात हात वर केला की तिथली कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली, खळी पडावी तशी. तेव्हा नवऱ्याला सांगितलं. हे पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं हां, सात महिने एका बिछान्यात झोपून. तो काय म्हणाला माहितीय, "म्हशीचा थान सुजला तर तू मला रात्री बारा वाजता उठवतेस." त्यावर मला काही बोलताच आलं नाही.

बायोप्सीचं सांगते, कारण तुझ्या काकूंचं तू लिहिलंयस. भूल देऊन त्या जागी एक जाड सुई घालतात, आवाज येतो स्टेपलरसारखा खट्ट, चार-पाच वेळा, की झालं. संध्याकाळी मी घरी आमटी केली. सुईने गाठ चेतत नाही गं. माझ्या डॉक्टरांनी असं समजावलं की बायका सुईपर्यंत येतात तेव्हाच आजार पुढे गेलेला असतो, मग पुढच्या काही महिन्यांत जे व्हायचं ते होतं आणि गावाला सुई तेवढी दिसते, आधीची दोन वर्षं कोणी बघितलेली नसतात. तुझ्या काकूंनी ती गाठ किती दिवस पदराखाली ठेवली होती ते विचार कोणाला तरी घरात.

माझं काखेतल्या दोन गाठींत गेलं होतं. आठ केमो, ऑपरेशन, रेडिएशन, आता रोज एक गोळी, दहा वर्षं घ्यायची आहे. पहिल्या महिन्यात गेले असते तर कदाचित केमो लागलीच नसती असं डॉक्टर म्हणाले, ते त्यांनी नसतं सांगितलं तरी चाललं असतं. खर्चाचा बराच भाग महात्मा फुले योजनेत झाला, रेशनकार्ड शोधायला मात्र अख्खं कपाट उपसलं.

---

खवचट_खानदेशी

सगळ्यांचा आदर ठेवून, पण एक बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून लिहितो. पुरुष आहे, तेव्हा जोडे तयार ठेवा.

हे चेकअप पॅकेज म्हणजे धंदा आहे हे आधी मान्य करू. "लवकर सापडलं की वाचलं" हे वाक्य ऐकायला छान आहे पण त्यात एक गोम आहे. समजा एखादी बाई काहीही केलं तरी ६० व्या वर्षी जाणारच आहे. ५८ ला सापडलं तर दोन वर्षं जगली, ५४ ला सापडलं तर सहा वर्षं जगली. आकडा वाढला, आयुष्य एक दिवस पण नाही वाढलं. शिवाय काही गाठी इतक्या मंद असतात की त्या बाईला त्यांनी कधी त्रास दिलाच नसता, पण सापडल्या म्हणून ऑपरेशन, रेडिएशन सगळं होतं.

आणि ते दर महिन्याला आरशासमोर स्वतः तपासणी वगैरे. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या अडीच लाखांहून जास्त बायकांवर याचा प्रयोग झाला, निम्म्यांना पद्धतशीर शिकवलं, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. हे २००२ सालीच छापून आलंय.

मी करू नका म्हणत नाहीये. पण डोळे झाकून करा असं पण म्हणू नका.

---

लेस्टरची_वैनी

खवचट भाऊ, जोडे नाहीत, तुमचं बरंचसं बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे इकडे इंग्लंडमध्ये सरकारच ते छापून घरी पाठवतं. पन्नाशी उलटली की पत्र येतं, ७१ पर्यंत दर तीन वर्षांनी बोलावतात. मला आलं तेव्हा तपासणीची गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी होती, मी मॅमोग्राफी करून तसंच जाऊन कोथिंबीर घेऊन आले. पत्राबरोबर माहितीपत्रक असतं, त्यात सरळ लिहिलेलं असतं की शंभरातल्या साधारण चार जणींना पुन्हा बोलावतात आणि त्या चारांत एकीला कॅन्सर निघतो. आणि हे पण, की तपासणीमुळे एक जीव वाचतो तेव्हा साधारण तीन जणींना असा कॅन्सर सांगितला जातो जो त्यांच्या जिवावर कधी उठलाच नसता. वाचून मी दोन दिवस विचार केला आणि गेले. माझी शेजारीण, गोरी बाई, वाचून नाही गेली. दोघी एकमेकींकडे चहाला जातो.

पण भाऊ, एक फरक तुम्ही सोडलात. इकडचा प्रश्न असा की बारीकसारीक पण सापडतं. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे, माझ्या आत्तेला सापडलं तेव्हा जखम झाली होती आणि ती वास लपवायला वरून कापूर लावायची. तिथे जास्तीच्या निदानाची भीती कोणाला घालताय?

---

उपकेंद्र_परभणी

मी सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी आहे, ग्रामीण भागात, वरच्या चर्चेत आमच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहायला बसले, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

एक तर सरकारी कार्यक्रमात मॅमोग्राफी नाहीच आहे. ३० ते ६५ वयाच्या सगळ्या बायकांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी, एवढंच आहे, आणि ती फुकट आहे. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरते, मग उपकेंद्रात आम्ही किंवा सिस्टर तपासतो. ताकपिठलं ताई, म्हणजे तुम्ही पण ३३ च्या, यात बसता, करून घ्या.

हाताने काय कळतं असं लोक म्हणतात. मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाखावर, नेमकं सांगायचं तर १,५१,५३८ बायकांचा अभ्यास केला, ३५ ते ६४ वयाच्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरापर्यंत जाऊन हाताने तपासायच्या, असे चार फेरे केले. तपासणारी डॉक्टर नव्हती, आमच्यासारखीच साधी बाई. वीस वर्षं पाठपुरावा करून २०२१ ला निकाल आला. कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. खवचट दादा, यात ती ५४-५८ वाली गोम चालत नाही कारण इथे किती वर्षं जगल्या हे नाही मोजलं, किती जणी गेल्या हे मोजलंय. हां, पन्नाशीच्या आतल्यांमध्ये फरक दिसला नाही, ते पण सांगते, नाहीतर तुम्ही सांगालच. आई ५६ च्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी हे लागू.

स्वतःच्या तपासणीचं शांघायचं खरं आहे, म्हणून मी बायकांना तारीख ठरवून परीक्षा दिल्यासारखं करा असं शिकवत नाही. एवढंच सांगते की आपलं आपल्याला माहीत पाहिजे, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, चिमटीने नाही, चिमटीत धरलं की सगळंच गाठ वाटतं. नवीन काही लागलं, बोंड आत गेलं, त्यातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर या.

आता खरी रड सांगते. तपासणी होते हो, पुढचं होत नाही. माझ्या खोलीला दाराऐवजी पडदा होता, तो पण अर्धा, बाहेर बाकावर सासू बसलेली, बाई ब्लाउजचं वरचं एक हुक काढून म्हणते "तपासा वरच्यावर". मी शेवटी घरची जुनी चादर आणून लावली. बचत गटाच्या मीटिंगनंतर घेते आता, सगळ्या जणी एकदमच असतात, मग एकटीकडे कोणी बघत नाही. गेल्या वर्षी एकीला गाठ लागली, मी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तीन आठवड्यांनी आशाताई घरी गेली तर चिठ्ठी तांदळाच्या डब्यात, नीट घडी घालून. "तपासलं ना मॅडमनी" म्हणाली, म्हणजे तिच्या मते काम झालं. मग मी एसटीत तिच्याबरोबर बसून गेले. साधी गाठ निघाली, पण ती निघाली म्हणून बरं. आपल्याच देशातल्या कॅन्सर नोंदणी केंद्रांच्या आकड्यांवरून २०२४ ला आलेलं आहे, आजार स्तनापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी शंभरातल्या साधारण ८१ जणी हयात असतात, दुसरीकडे पसरल्यावर सापडला तर १८. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी माझा तो तांदळाचा डबा आहे.

अजून एक, भूम तालुका वाचून थांबले. तुमच्या आईला विचारा, २००० च्या आसपास गावात पिशवीच्या तोंडाची, म्हणजे गर्भाशयमुखाची तपासणी करायला कोणी आलं होतं का. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झालाय, ३० ते ५९ वयाच्या, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचे लोक गावोगाव फिरायचे. एका गटाची फक्त एकदाच एचपीव्हीची (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची) तपासणी केली आणि त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. जगभर त्याचा दाखला देतात. त्याआधी पण, १९८७ पासून बार्शी, भूम, परांडा या तीन तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू झाली. तुमच्या गावाला याची ओळख आमच्यापेक्षा जुनी आहे.

---

मुक्काम_पोस्ट_चिपळूण

एकच ओळ टाकून जातो. माझ्या वडिलांना झाला होता, हो वडिलांना, बोंडाच्या मागे गाठ. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो म्हणे. वर्षभर ते आणि आम्ही पण चरबीची गाठ समजत होतो कारण पुरुषाला होतो हे डोक्यातच नाही. घरातल्या पुरुषांना पण सांगा.

---

खवचट_खानदेशी

उपकेंद्र ताई, मृत्यू मोजले हे मान्य, माझा मुद्दा तिथे पडला. पण एक चौकशी, त्यात सगळ्या वयांचं मिळून काय आलं?

---

उपकेंद्र_परभणी

सगळ्यांचं मिळून १५ टक्के कमी, पण ते संख्याशास्त्रात पक्कं बसत नाही, योगायोग पण असू शकतो. बघा, लपवलं नाही. ओपीडी भरलीय, येते.

---

ताकपिठलं

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू कळत नाहीये. चार दिवस लिहिलं नाही कारण गावी गेले होते.

रंकाळा ताईंचं वाचून दाखवलं. आई भाकरी थापत ऐकत होती, म्हशीच्या थानावर आल्यावर फक्क करून हसली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. मग मी पिशवीच्या तपासणीचं विचारलं. तर म्हणाली, "आली होती की गाडी." शाळेत टेबल टाकलं होतं म्हणे, आधी दोन दिवस बाया घरोघर येऊन नावं लिहून गेल्या. माझी आजी, म्हणजे आईची सासू, म्हणाली होती असलं काही करायचं नाही. आई म्हशीला पेंड आणायच्या निमित्ताने गेली आणि तपासून आली, आजपर्यंत कोणाला बोललेली नाही, अप्पांना सुद्धा! मी तेव्हा आठ वर्षांची, मला पेंडीच्या दुकानाबाहेर बसवून गेली होती, ते दुकान मला आठवतंय, का बसले होते ते आत्ता कळलं. मी म्हटलं तेव्हा तुला काही दुखत होतं का? तर म्हणे "नाही गं, त्या बाया म्हणल्या दुखायच्या आधी बघायचं असतं." आणि स्वतःच गप्प झाली.

काकूंच्या सुनेला पण विचारलं, हळूच. दीड वर्ष होती गाठ. घरात कोणाला माहीत नव्हतं, शेवटी पाणी यायला लागलं तेव्हा कळलं. आईने ते ऐकलं, काही म्हणाली नाही, पण दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

मार्करचं रद्द केलं. येत्या मंगळवारी सकाळी साडेनऊची वेळ आहे. काय निघेल ते निघेल, आकडा आला की इथेच विचारेन, ० आला तर रडणार नाही. माझी हाताची तपासणी इथल्या सरकारी दवाखान्यात करते म्हटलंय, आई म्हणाली आधी तू कर मग मी बघते, तर आता उद्या माझीच आहे.

डार्करूमवाली ताई, आईचे दोन प्रश्न आहेत, मी नाही विचारत, ती विचारतेय, शेजारी बसलीय. सकाळी चहा पिऊन चालेल का? आणि नऊवारी चालेल का, पाचवारीची सवय नाही तिला.

---

डार्करूमवाली

चहा चालेल, नाश्ता पण करून या, उपाशी राहायचं कारण नाही (रक्त त्याच दिवशी असेल तर मात्र सेंटरला विचारा, ते उपाशीपोटी मागतात). नऊवारी उत्तम, फक्त ब्लाउज पुढून हुकांचं घाला आणि पदर खोचलेला असेल तर सोडायला लागेल. आणि अंघोळीनंतर पावडर लावायची सवय असेल तर मंगळवारपुरता डबा लपवून ठेवा.